काटा बंद, कॅमेरा चालू

२०२२ चा नोव्हेंबर. गळीत हंगाम सुरू होऊन तिसराच दिवस, आणि रात्री साडेआठला कारखान्यातनं फोन आला, "साहेब, काटं बंद पडल्यात, लवकर या." मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं नेटवर्क आणि उसाच्या गाड्या मोजायच्या वजनकाट्यांचं कॉम्प्युटरचं काम बघतो. हंगामात काटा बंद म्हणजे काय ते ज्यानं उसाची रांग बघितलीय त्यालाच कळेल. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मध्ये बैलगाड्या, अंगदगाड्या, ट्रक, सगळी रांग पार गेटच्या बाहेर रस्त्यावर, आणि तोडलेला ऊस जितका वेळ उभा राहतो तितका वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. पैसे मिळतात ते वजनावर, त्यामुळं एक तास उशीर झाला तरी शेतकऱ्याच्या खिशातनं जातं. मी गाडी काढली तेव्हा डोक्यात एवढंच होतं.

आधी मांडणी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. काटे चार. दोन भरलेल्या गाड्यांचे, एक रिकाम्या गाड्यांचा, एक साखर-मळीच्या गाड्यांचा. प्रत्येक काट्याच्या केबिनमध्ये एक छोटा पीसी, त्यावर डेबियन, ही लिनक्सचीच एक ऑपरेटिंग सिस्टम. वजनाचा इंडिकेटर सीरियल केबलनं या पीसीला जोडलेला, आणि पीसी ते वजन ऑफिसातल्या सर्व्हरला पाठवतो, तिकडनं स्लिप तयार होते. केबिनपर्यंत नेटवर्कची केबल एकच गेलेली आहे आणि काट्यावर कॅमेरा पण पाहिजे होता, म्हणून आम्ही दोन लॅन पोर्टवाले पीसी घेतले, एका पोर्टला वरची केबल, दुसऱ्याला कॅमेरा, आणि आत लिनक्सचा ब्रिज करून दोन्ही पोर्ट एकत्र बांधले. म्हणजे पीसी स्वतःच दोन पोर्टचा छोटा स्विच झाला, एका केबलवरनं आलेलं दुसरीवर सोडणारं खोकं. चारी केबिनच्या केबली यार्ड ऑफिसातल्या एका मॅनेज्ड, म्हणजे आतलं बघता-बदलता येणाऱ्या, स्विचला येतात. तीन हंगाम हे असंच बिनतक्रार चाललं होतं.

पोचलो तर चारी काट्यांवर तीच गत. स्क्रीनवर वजन दिसतंय, क्लार्क सेव्ह दाबतो, आणि गोल फिरत राहतं. मध्येच दहा-पंधरा सेकंद सगळं सुरळीत, दोन स्लिपा निघतात, परत ठप्प. इलेक्ट्रिकलच्या माणसांनी तोवर दोन ठिकाणी केबल बदललेली, एकानं उंदरानं कुरतडलं असेल म्हणून पाइप उघडून ठेवलेला. मी पहिल्या काट्याच्या पीसीवर लॉग, म्हणजे मशिनची नोंदवही, उघडला तर कर्नलचा (सिस्टमच्या गाभ्याचा) मेसेज ओळीनं भरलेला, की वरच्या पोर्टवर डेटाचं एक पॅकेट आलंय आणि त्याचा पाठवणारा म्हणून माझाच अ‍ॅड्रेस लिहिलाय. ब्रिजवर काम करणाऱ्या कुणालाही हा मेसेज दिसला की पहिला शब्द सुचतो तो लूप. म्हणजे कुठंतरी केबल फिरून परत त्याच नेटवर्कात घुसलीय आणि आपलंच पॅकेट गोल फिरून आपल्याकडं येतंय.

मग लूप शोधायला लागलो. पण लूपची लक्षणं काही दिसेनात. लूप झाला की स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे एका लयीत चमकतात, सगळ्यांचं नेटवर्क झोपतं. इथं दिवे शांत, अकाउंटवाल्यांचं काम चालू, आणि स्विचवर स्पॅनिंग ट्री पण चालू होतं, ते लूपच तोडायला असतं, नेटवर्क इंजिनियर रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये याच दुखण्यावर काढलेला तो इलाज आहे. तरी मी एकेक पोर्ट बंद करून बघत बसलो आणि त्यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाचं मला आजही वाईट वाटतं, कारण बाहेर गाड्या उभ्या होत्या.

तेवढ्यात आबा आले. आबा म्हणजे काट्यावरचे सगळ्यात जुने क्लार्क, हातानं पावत्या लिहायच्या काळापासूनचे. यार्ड ऑफिसातनं चालत आले आणि दारात उभं राहून म्हणाले, "साहेब, वायर तुटलीय म्हणत्यात सगळी, पण तिकडं टीव्हीवर क्यामेरा तर झ्याक दिसतोय की. वायर एकच हाय न्हवं?"

मी हातातलं काम सोडलं. खरंच, केबल एकच. कॅमेऱ्याचं चित्र याच पीसीच्या पोटातनं, याच ब्रिजमधनं, याच केबलवरनं जातंय. सर्व्हरवरनं कॅमेऱ्याला दोनशे पिंग, म्हणजे 'आहेस का' विचारणारी छोटी पॅकेटं, मारले, एकही चुकला नाही. लगेच पीसीला मारले तर आठ आले, वीस गायब, परत पाच आले. म्हणजे केबल ठीक, पोर्ट ठीक, ब्रिज पण दुसऱ्याचा माल बरोबर पुढं सोडतोय. फक्त पीसीच्या स्वतःच्या नावानं येणारं पॅकेट त्याला मिळत नाही. मग ते जातंय कुठं?

हे बघायची जागा एकच, स्विचचं मॅक टेबल. मॅक म्हणजे प्रत्येक नेटवर्क पोर्टचा आकडे-अक्षरांच्या सहा जोड्यांचा अ‍ॅड्रेस. स्विच शहाणा वगैरे नसतो, तो फक्त ऐकतो. कुठल्या पोर्टवर कुठला मॅक अ‍ॅड्रेस बोलला ते लिहून ठेवतो आणि त्या अ‍ॅड्रेससाठी काही आलं की त्याच पोर्टला सोडतो. कुणी बराच वेळ बोललं नाही तर नोंद पुसतो, बहुतेक ठिकाणी ३०० सेकंदांनी. आणि तोच अ‍ॅड्रेस दुसऱ्या पोर्टवर ऐकू आला तर ३०० सेकंद वगैरे थांबत नाही, त्या क्षणी जुनी नोंद खोडून नवीन लिहितो. जो शेवटचा बोलला त्याचं खरं.

मी पहिल्या काट्याचा मॅक टेबलमध्ये शोधला. पोर्ट ३. बरोबर, पहिला काटा ३ वरच आहे. परत काढलं, पोर्ट ५. परत काढलं, पोर्ट ३. मग ६. स्विचच्या लॉगमध्ये तर ढीग पडलेला, हा अ‍ॅड्रेस या पोर्टवरनं त्या पोर्टवर उड्या मारतोय म्हणून. ५ वर तिसरा काटा, ६ वर चौथा.

माझ्यासोबतचा पोरगा तिसऱ्या काट्यावर होता. त्याला फोन लावला आणि म्हटलं, ब्रिजचा मॅक वाच, सावकाश वाच. मी इकडं पहिल्या काट्याच्या स्क्रीनवर बोट ठेवून बसलो. तो एकेक जोडी वाचत गेला आणि माझं बोट त्याच्या आवाजाबरोबर पुढं सरकत गेलं, चौथी जोडी जुळली, पाचवी जुळली, शेवटी तो म्हणाला, "थ्री ई." माझ्यासमोर पण थ्री ई. अंगावर काटा आला. वेगवेगळ्या खोक्यांत बसलेली दोन मशिनं, आणि सहाच्या सहा जोड्या सारख्या.

खात्री करायला स्विचवर तो अ‍ॅड्रेस पोर्ट ३ ला स्टॅटिक बांधून टाकला, म्हणजे शिकणं बंद, कायमचा ३ वरच. पहिला काटा एकदम लोण्यासारखा चालायला लागला आणि बाकीचे तीन पूर्ण मेले. लगेच काढून टाकलं, पण आता शंका उरली नव्हती. सर्व्हर पहिल्या काट्याला उत्तर पाठवत होता, स्विच ते जो शेवटचा बोलला त्याच्या दारात टाकत होता, तिसरा काटा उघडून बघायचा, अ‍ॅड्रेस माझा पण आतला आयपी (नेटवर्कात मशिनला दिलेला नंबर) माझा नाही, आणि फेकून द्यायचा. कॅमेऱ्यांचे मॅक मात्र चारी वेगळे, कंपनीनं दिलेले, म्हणून त्यांना काहीच झालं नाही. आणि लॉगमधला तो मेसेज पण अक्षरशः खरा होता, पाठवणाऱ्याचा अ‍ॅड्रेस आपलाच, फक्त पाठवणारा दुसरा. मी त्याला लूपच समजून बसलो होतो.

पण झालं कसं? लॅन पोर्टचे स्वतःचे मॅक बघितले तर ते सगळीकडं वेगळे होते. सारखा होता तो फक्त ब्रिजचा. आणि त्या मॅकच्या पहिल्या जोडीतला दुसरा आकडा ई होता, म्हणजे हा कुठल्या कंपनीनं दिलेला अ‍ॅड्रेसच नाही, मशिननं स्वतः बनवलेला. तिथं मला जूनमधलं काम आठवलं. उन्हाळ्यात मी हे चारी पीसी डेबियन १० वरनं ११ वर नेले होते. एकावर नीट सगळं बसवलं, त्याची इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल, काढली आणि बाकी तिघांवर ओतली. आधी पण असंच करायचो, आणि आधी चालायचं, कारण ब्रिज आपल्या पोर्टांपैकी सगळ्यात लहान मॅक स्वतःला घ्यायचा, आणि पोर्ट प्रत्येक पीसीत वेगळे. पण सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये बूटपासून सगळं सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम, त्याच्या २४२ व्या आवृत्तीपासून हे बदललं. आता ब्रिजचा मॅक मशीन आयडी (त्या पीसीची स्वतःची ओळख) आणि ब्रिजचं नाव यांच्यावरनं काढला जातो, म्हणजे तो प्रत्येक बूटला कायम राहावा. डेबियन १० मध्ये २४१ होती, ११ मध्ये २४७ आली. आणि मशीन आयडी ही एक साधी फाइल आहे, बत्तीस अक्षरांची एक ओळ, इमेजबरोबर चारी पीसींवर तश्शीच गेलेली. नाव पण चारी ठिकाणी तेच. मग मॅक वेगळा येणार कुठनं?

जूनमध्ये टेस्टिंग केलं होतं, पण एका वेळी एक काटा चालू करून. मोळी टाकून हंगाम सुरू केला त्या दिवशी पण एकच काटा उघडला होता. चारी एकदम चालू झाले ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी.

रात्री मशीन आयडीला हात लावला नाही, चालत्या हंगामात उगाच दुसरं काही हलायला नको. प्रत्येक पीसीच्या नेटवर्क फाइलमध्ये ब्रिजला त्याच्याच पहिल्या पोर्टचा मॅक हातानं लिहून दिला, ब्रिज बंद करून परत चालू केला, सर्व्हरवरची जुनी एआरपी नोंद (कुठल्या आयपीचा मॅक कुठला ती) पुसली, स्विचचं टेबल साफ केलं. टेबल परत भरलं तेव्हा मी दहा वेळा काढून बघितलं, चार अ‍ॅड्रेस, चार पोर्ट, कुणी जागचं हललं नाही.

बाराच्या सुमाराला पहिल्या काट्यावर एक ट्रॅक्टर चढला. ड्रायव्हर पोरगाच होता, दुपारी चारपासून रांगेत, अंगावर शाल. आबांनी सेव्ह दाबलं, प्रिंटर लगेच करकरला, स्लिप फाडून आबांनी खिडकीतनं हात बाहेर काढला. त्यानं वजन दोनदा वाचलं, घडी घालून टोपीत ठेवलं आणि गव्हाणीकडं, जिथं ऊस खाली करतात तिकडं, गाडी वळवली. मागची ट्रॉली काट्यावर चढली, मग तिच्यामागची. आम्ही तिघं रांग गेटच्या आत येईपर्यंत तिथंच उभे होतो, पहाटे चार वाजले.

मशीन आयडीचं काम पुढच्या अमावास्येच्या सुट्टीला केलं, एकेक पीसी बंद करून, जुनी फाइल पुसून नवीन तयार करून. इमेजमध्ये ती फाइल आता रिकामी ठेवलीय, म्हणजे पहिल्या बूटलाच प्रत्येक पीसी स्वतःची आयडी काढेल. आणि चारी केबिनमध्ये पीसीवर ब्रिजच्या मॅकचं लेबल चिकटवलंय, मोठ्या अक्षरात, आबांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं.