आधी टीव्ही जातो, मग पाऊस येतो

परवा दुपारी बेळगावच्या अनगोळात एका मित्राच्या स्लॅबवर गेलो, तर टीव्हीची जुनी डिश उताणी टाकून तिच्यात ब्याडगी मिरच्या वाळत घातलेल्या. कडा गंजलेल्या, मिरच्या मात्र मजेत. मला एकदम काकू आठवली.

मे महिन्यात आमच्या वडगावच्या घरी स्लॅबभर जुन्या साड्यांवर कुरडया आणि सांडगे. खाली काकू तांदूळ निवडत मालिकेसमोर. चित्र चौकोनाचौकोनांत फुटलं की ती ओरडायची, "टीव्ही गेला! वर पळा की रे, वळीव आला!" बाहेर लख्ख ऊन. आम्ही कुरकुरत वर जायचो, आणि शेवटची साडी गुंडाळून जिन्यात पाय ठेवतोय तोवर टपोरे थेंब सुरू.

काकूनं हे कुठं वाचलेलं नव्हतं, पण हिशेब चोख होता. आमची डिश आग्नेयेकडे तोंड करून बसलेली. (वास्तुवाले तिथं स्वयंपाकघर सांगतात.) उपग्रह विषुववृत्तावर, 35,786 किलोमीटर उंचीवर; बेळगावातून बघितलं तर डोक्यावर नाही, साधारण 60 अंशांवर. म्हणजे त्याचा सिग्नल घरी पोचतो तो तिरका, आग्नेयेच्या दोन-अडीच किलोमीटर पलीकडच्या पावसातूनसुद्धा. आणि वळीव आमच्याकडे बहुधा पूर्वेकडूनच चाल करून येतो. अंगणाआधी तो सिग्नलला गाठतो. छत्तीस हजार किलोमीटर सुखरूप यायचं आणि शेवटच्या चार-पाचांत गारद व्हायचं, म्हणजे मुंबईहून रात्रभर रेल्वेनं येऊन आपल्याच बोळात घसरून पडण्यासारखं.

खरा पाऊस तर पुढं. मिरग झाला, तरणा-म्हातारा पाऊस सुरू झाला की आठवडाभर सूर्य दिसत नाही, कपड्यांना कुबट वास सुटतो, भिंतींना ओल येते. टीव्ही मात्र बिनघोर चालू! एकूण किती पडला याला इथं किंमत नाही, एका वेळी किती जोरात पडतो याला आहे. घरच्या डिशचा सिग्नल येतो तो केयू बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या एका ठरावीक पट्ट्यात; त्याची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. वळवाचे जाड थेंब तिला शोषतात, विखरून टाकतात. झडीची रिपरिप तिच्या खिजगणतीत नाही. केबलवाल्याच्या त्या अवाढव्य डिशा सी बँडच्या, लहर सात सेंटिमीटरच्या आसपास; लांब लहरीला थेंब फारसे अडवत नाहीत, म्हणून वळवातही शेजारी केबलवर क्रिकेट चालायचं आणि आम्ही निळ्या पडद्याकडे बघत बसायचो. शेजाऱ्यांचा मला तेव्हा आला नाही एवढा राग आता येतोय.

जुन्या अँटेनाला निदान लाज होती. आधी मुंग्या यायच्या, मग सावल्या, मग कुणीतरी वर चढून "आलं काय? आलं काय?" म्हणायचा. डिजिटलचं तसं नाही. काठापर्यंत स्वच्छ चित्र, आणि पुढं एकदम कडेलोट.

आता आमच्याकडे फायबर आहे आणि कुरडया विकतच्या.

पण खानापूरच्या बाजूला, भीमगडच्या जंगलात गवाळी, आमगावसारख्या गावांत पावसाळ्यात ओढे वाट अडवतात, मोबाइलची रेंज मुळातच नाही. अशा ठिकाणी उपग्रहाचं इंटरनेट न्यावं असं म्हणतात. तेही केयू आणि त्याहून बारीक लहरीच्या केए बँडवर चालणार, म्हणजे ओढ्याला पूर आणणाऱ्या पावसातच अडखळणार. पावसाला न जुमानणारे, सी बँडपेक्षाही लांब लहरीच्या एल बँडचे सॅटेलाइट फोन आहेत. ते जवळ बाळगायला सरकारची परवानगी लागते.