बेलव्ह्यू स्टेशन: बर्फाचा बझर खोटा का वाजत होता, ते सापडलं

अखेर सापडलं. सिएटलजवळच्या बेलव्ह्यूमधलं आपलं हवामान स्टेशन, पाऊस बर्फात बदलणार असेल तर बझर वाजवतं, आणि तो उगाच वाजत होता. आधी सेन्सरवर संशय, मग शिल्डवर (सेन्सरला ऊन-पावसापासून झाकणारं कवच), मग सेन्सरवरच्या फिल्टरच्या टोपीवर. आणि गडबड निघाली कोडच्या एका ओळीत. ज्यांच्या स्टेशनमध्ये वेट बल्ब (ओल्या वातीच्या थर्मामीटरचं तापमान, म्हणजे बाष्पीभवनाने हवा जितकी गार होऊ शकते तितकं) काढायला स्टलचं एका ओळीचं सूत्र आहे (आणि बहुतेकांच्यात तेच असणार), त्यांनी थंडीची पुढची लाट यायच्या आत ती ओळ बदलून टाका.

आधी हवा कशी होती ते. फ्रेझरच्या खोऱ्यातून ब्रिटिश कोलंबियाच्या आतली थंड हवा बाहेर पडली, बेलिंगहॅमला ईशान्येचा वारा सुरू झाला आणि दोन दिवसांनी पॅसिफिककडून ढग आले. प्युजेट साउंडच्या (सिएटलजवळच्या समुद्राच्या खाडीच्या) काठी बर्फ येण्याची हीच नेहमीची वाट. पण साउंडचं पाणी भर हिवाळ्यातही ८ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे गार हवेला इथे फार वेळ टिकाव धरता येत नाही. कमी दाबाचं केंद्र आपल्या दक्षिणेकडून, कोलंबिया नदीच्या मुखाकडून आत शिरलं तर गार हवा जागेवर राहते. उत्तरेकडून गेलं तर नैर्ऋत्येचा वारा येतो आणि बघता बघता सगळ्याचा पाऊस होतो. २०१९च्या फेब्रुवारीत सी-टॅकला (सिएटलच्या विमानतळावर) महिन्याभरात २०.२ इंच बर्फ पडला तेव्हा गार हवा पुन्हा पुन्हा भरून येत राहिली. या वेळी तसं नव्हतं. निकाल अर्ध्या अंशावर लागणार होता, आणि नेमक्या त्याच अर्ध्या अंशात आपलं स्टेशन चुकत होतं.

लक्षण असं: वेट बल्ब ०.६ अंशांच्या खाली गेला की बझर वाजतो. पहिल्या रात्री हवा १.५ अंश, आर्द्रता ९० टक्के, स्टेशनने वेट बल्ब दाखवला ०.५५. बझर वाजला. कॅमेऱ्यात मात्र पाऊस, मधूनच एखादा अर्धवट विरघळलेला पुंजका. दुसऱ्या रात्रीही तेच. चूक दर वेळी एकाच बाजूला, म्हणजे बर्फाच्या बाजूला. हे एकतर्फीपण लक्षात घेतलं असतं तर निम्मा वेळ वाचला असता, कारण अधूनमधून होणारा गोंधळ असा एका दिशेला चिकटून राहत नाही.

तपासणीचा क्रम देतो, कारण या चाचण्या दर हिवाळ्यापूर्वी करण्यासारख्या आहेतच.

पहिली, बर्फाच्या पाण्याची. डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ बारीक फोडून थर्मासमध्ये गच्च भरायचा, फटी भरतील एवढंच डिस्टिल्ड पाणी घालायचं. बर्फ तरंगू लागला तर पाणी जास्त झालं. तळाशी ४ अंशांचं पाणी साचतं आणि चाचणी वाया जाते. सेन्सर पातळ पिशवीत हवाबंद करून मधोमध खुपसायचा, अर्धा तास थांबायचं, अधूनमधून हलवायचं. एसएचटी३५ ने (स्टेशनचा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर) ०.०६ दाखवलं. ठीक.

दुसरी, मिठाची. साध्या मिठात थोडं पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा करायचा. विरघळून स्वच्छ पाणी झालं तर पाणी जास्त पडलं. लगदा आणि सेन्सर एकमेकांना न टेकता हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. २० अंशांना डब्यातली आर्द्रता ७५.५ टक्के होते. सेन्सर ७६.४ म्हणाला. शून्याच्या आसपास आर्द्रतेतली २ टक्के चूक वेट बल्बमध्ये जेमतेम ०.१२ अंश बनते, म्हणजे ०.९ टक्क्याची चूक ०.०५ च्या आसपास. इथेही काही सापडलं नाही.

इथे एक सांगतो. स्वस्त मॉड्यूलवर एसएचटी३५ असं छापलेलं असतं आणि आत दुसरंच काही निघतं. या वेळी मागवलेल्या तीनपैकी एक मिठाच्या डब्यात ८३ टक्क्यांवर जाऊन बसलं. मिठाच्या डब्यातून पास झाल्याशिवाय कुठलंही मॉड्यूल छपरावर चढवू नका. आणि डीएचटी२२ हा सेन्सर या कामाला घेऊच नका. कागदावरच त्याची अचूकता अर्धा अंश आहे. आपली सगळी मारामारी त्या अर्ध्या अंशाचीच.

तिसरा संशय शिल्डवर. पीव्हीसीची पंखेवाली शिल्ड आणि जुनी थाळ्यांची शिल्ड शेजारी शेजारी लावून पाहिल्या. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थाळ्यांची शिल्ड आकाशाकडे उष्णता टाकते आणि हवेपेक्षा खरोखर गार दाखवते. पण ढगाळ, ओल्या रात्री दोघींतला फरक ०.१ च्या आतच राहिला. पंख्याची तोंडं मात्र खालीच ठेवा. आडव्या तोंडात ओला बर्फ ओढला जातो, फिल्टरच्या टोपीवर विरघळतो, आणि मग सेन्सर स्वतःच वेट बल्ब होऊन बसतो. टोपी ओली झाली तर एसएचटी३५ चा आतला हीटर काही सेकंद चालवायचा आणि पुढची दहा मिनिटं रीडिंग धरायचं नाही.

मग धुक्याची सकाळ आली आणि तिने गाठ सोडवली. हवा १.० अंश, आर्द्रता ९९ टक्के, आणि स्टेशन वेट बल्ब दाखवतं ०.७९. हे शक्यच नाही. हवा तुडुंब भरलेली असताना बाष्पीभवनाला वावच नसतो. एक टक्का तूट म्हणजे फार तर ०.०६ अंशाचा फरक. उत्तर ०.९४ यायला हवं होतं. सेन्सरचे दोन्ही आकडे बरोबर आणि त्यांतून निघालेला तिसरा चूक, म्हणजे चूक मधल्या गणितातच.

स्टलचं सूत्र २०११चं आहे, आपल्याच शेजारच्या व्हँकुव्हरमधल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून आलेलं. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. ते सूत्र जवळजवळ सगळ्या तापमानांना आणि आर्द्रतांना एका ओळीत पुरावं म्हणून बसवलेलं आहे, आणि काही ठिकाणी चूक १ अंशापर्यंत जाते हे त्याच लेखात सांगितलेलं आहे. २० अंश आणि ५० टक्क्यांना ते १३.७ देतं, तिथे उत्तम. आपण मात्र ते त्याच्या कच्च्या कोपऱ्यात वापरत होतो.

हातानं आकडेमोड करून पाहिली. १.५ अंश, ९० टक्के: स्टल ०.५५, खरा वेट बल्ब ०.९०. २ अंश, ६० टक्के: स्टल उणे १.१७, खरा उणे ०.५. थंडीत ९९ पासून ६० टक्क्यांपर्यंत हवा जितकी कोरडी, तितकं सूत्र जास्त खाली घसरतं. फ्रेझरची हवा कोरडीच येते, म्हणजे पहिला थेंब पडायच्या आधी, जेव्हा अंदाज सगळ्यात जास्त हवा असतो, तेव्हा चूक सगळ्यात मोठी.

आता दुरुस्ती. त म्हणजे हवेचं तापमान, ओ म्हणजे वेट बल्ब, द म्हणजे स्टेशनच्या जागचा दाब हेक्टोपास्कलमध्ये (समुद्रसपाटीला आणलेला नव्हे, तसा फरक बारीक, पण सवय चांगली). संपृक्त बाष्पदाब असा काढायचा: ६.११२ × ई^(१७.६२ × त ÷ (२४३.१२ + त)), यात ई म्हणजे २.७१८२८. त्याला आर्द्रतेने गुणून १०० ने भागलं की हवेतला खरा बाष्पदाब मिळतो. मग असा ओ शोधायचा की ओ ला संपृक्त बाष्पदाब, वजा ०.०००६५३ × द × (त − ओ), हे बरोबर त्या खऱ्या बाष्पदाबाइतकं येईल. थेट सोडवता येत नाही, म्हणून निम्मं निम्मं करत जायचं: खालची हद्द त − १५, वरची हद्द त. मधला आकडा घालून पाहायचा. उत्तर जास्त आलं तर वरची हद्द मध्यावर आणायची, कमी आलं तर खालची. १२ फेऱ्यांत चूक ०.००४ अंशांच्या आत येते. स्टेशन चालवणाऱ्या ईएसपी३२ चिपला हे जाणवतही नाही.

ओ शून्याच्या खाली गेला तर प्रश्न येतो की वातीवर पाणी धरायचं की बर्फ. पडणारा कण बर्फाचाच असतो, म्हणून बर्फाचं समीकरण घ्या: १७.६२ च्या जागी २२.४६, २४३.१२ च्या जागी २७२.६२, ०.०००६५३ च्या जागी ०.०००५७५. २ अंश, ६० टक्क्यांना मग उणे ०.५ ऐवजी उणे ०.६६ येतं. हे फक्त वेट बल्बच्या बाजूला बदला. सेन्सरची आर्द्रता शून्याखालीसुद्धा पाण्याच्याच हिशोबाने असते, त्यामुळे हवेचा बाष्पदाब पहिल्याच सूत्राने काढायचा. उणे ५ अंशांना हवा बर्फाच्या हिशोबाने तुडुंब भरलेली असली तरी सेन्सर ९५ टक्क्यांवर अडकलेला दिसतो तो याचमुळे. तो बिघडलेला नाही, काढून टाकू नका.

नवीन कोड घातल्यावर तिसऱ्या रात्री बझर गप्प राहिला. पाऊस पडत होता, वेट बल्ब ०.९ वरून ०.८, ०.७ असा उतरत गेला. वारा जवळजवळ नव्हता आणि सरींना जोर चढला होता. अशा वेळी वितळणारा बर्फच हवा गार करतो: १ मिलिमीटर पाण्याइतका बर्फ वितळला की खालची ३०० मीटर हवा साधारण ०.९ अंशाने उतरते. ४:४० ला बझर वाजला, सात मिनिटांनी कॅमेऱ्यात पांढरं. त्या सात मिनिटांचा आनंद मोठा आहे.

मोजमाप: ४० × ४० सेंटिमीटरच्या पांढऱ्या फळीवर ६.१ सेंटिमीटर. हाताने मोजायच्या पर्जन्यमापकाचं नरसाळं आणि आतली नळी लाट यायच्या आधीच काढून ठेवा, गोठलेल्या पाण्याने नळी तडकते. बाहेरच्या नळकांड्यात साठलेल्या बर्फावर मोजून १० मिलिमीटर कोमट पाणी ओतलं, एकूण भरलं १७.४. म्हणजे पाणी ७.४, गुणोत्तर ८.२ ला १. आपल्याकडचा जड, ओला बर्फ. फळी दर ६ तासांहून लवकर साफ करू नका, नाहीतर बेरीज फुगते.

भांडं कलंडून आपोआप मोजणाऱ्या पर्जन्यमापकाने या सगळ्यात शून्य नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, "पाऊस" दाखवला. त्याला हीटर बसवायचा बेत होता. २० सेंटिमीटरच्या नरसाळ्याला ताशी ३ मिलिमीटर वितळवायला जेमतेम ९ वॉट पुरतात, पण वाऱ्यात खरी गरज त्याच्या तिप्पट-चौपट, आणि नरसाळं जास्त तापलं की मोजायच्या आतच पाणी उडून जातं. शिवाय वीज गेली की सगळं बंद. बॅटरीवर टाकावं तर लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करता येत नाही.

हे लिहिता लिहिताच हीटरचा बेत रद्द करतोय. त्याच २० सेंटिमीटर तोंडावर १ मिलिमीटर म्हणजे ३१.४ ग्रॅम. ५ किलोचा लोड सेल (वजनाचा सेन्सर), त्याचे आकडे वाचणारी एचएक्स७११ चिप, वर बादली, तळाशी प्रोपिलिन ग्लायकॉल आणि बाष्पीभवन अडवायला तेलाचा पातळ थर. वितळवायचं काहीच नाही, फक्त वजन करायचं. लोड सेल थंडीत सरकतो, तेव्हा त्याला चिकटवून तापमानाचा एक सेन्सर, डीएस१८बी२०, लावायचा आणि रिकाम्या बादलीचे दोन रात्रींचे आकडे घेऊन तापमानाची दुरुस्ती बसवायची. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: वाऱ्याने बादली हलते तेव्हा सरासरी किती सेकंदांची घेता?

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी. निफाडच्या द्राक्षबागांत थंडीच्या पहाटे वेट बल्ब बघून तुषार सिंचन सुरू करणारे असतील तर हीच चूक तिथेही आहे. ४ अंश, ६० टक्के, दाब ९५० धरला तर स्टल ०.६ सांगतं, खरा १.२. पंप लवकर सुरू होईल, पाणी आणि डिझेल जाईल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तेव्हाचं मोजमाप करणाऱ्यांनी दुसरा सेन्सर गवताच्या उंचीवर लावावा. दीड मीटरवर ३-४ अंश असताना गवत शून्याला पोचलेलं असतं, तिथे सूत्र कितीही बरोबर असलं तरी उंचीच चुकते.

जुना सगळा लॉग नव्या गणितातून पुन्हा काढायला टाकला आहे. तापमान आणि आर्द्रता कच्ची साठवली होती म्हणून हे जमतंय. ज्यांच्या स्टेशनवर फक्त वेट बल्ब साठतो, त्यांनी आजपासून ते दोन रकाने वाढवा.