पत्रं लिहून घर मिळवलं: कोलंबसमधला माझा अनुभव

भाड्याने देण्यासाठी आम्ही घेतलेलं पहिलं घर कुठल्याही वेबसाइटवर विक्रीला आलेलं नव्हतं. त्याच्या मालकाला मी पत्र लिहिलं होतं, रेघांच्या पिवळ्या कागदावर, निळ्या पेनाने, पाकिटावर साधं तिकीट चिकटवून. हे सांगितलं की ओळखीतले लोक हमखास विचारतात, ‘आजकाल पत्रं वाचतं कोण?’ वाचतात. पण कुणाला लिहायचं हे आधी शोधावं लागतं, आणि खरी मेहनत त्या शोधातच जाते. अमेरिकेत हा मार्ग धरू पाहणाऱ्या मराठी मंडळींकडून बरीच विचारणा होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही ओहायोतल्या कोलंबसला राहतो. २०२२च्या जानेवारीत चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीने शेजारच्या लिकिंग काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) २० अब्ज डॉलरच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि आधीच तापलेला इथला घरांचा बाजार आणखी तापला. सकाळी बघितलेल्या घरावर संध्याकाळपर्यंत मागितलेल्या किमतीच्या वर बोली लागलेली असायची. काही लोक घर आधी तपासून घेण्याची, इन्स्पेक्शनची, अटही सोडून द्यायचे. आमच्या हाताशी राहत्या घराच्या इक्विटीवर, म्हणजे कर्ज वजा जाता उरणाऱ्या आपल्या हिश्श्यावर, बँकेने दिलेली क्रेडिट लाइन होती, तेवढ्यावर अशा बोलीत टिकणं कठीण होतं. तेव्हा ज्याला घर विकायचंच आहे, पण ज्याने अजून पाटी लावलेली नाही, अशा मालकापर्यंत थेट पोहोचायचं ठरवलं. फोन करणं मला मान्य नव्हतं. एक तर त्याला ‘डू नॉट कॉल’ यादीचे (जाहिरातीचे फोन नको म्हणणाऱ्यांची सरकारी यादी) आणि इतर कायद्यांचे निर्बंध लागू शकतात, आणि दुसरं म्हणजे जेवायच्या वेळेला अनोळखी माणसाने घराबद्दल विचारलेलं मला स्वतःला खपत नाही. पत्र माणूस सवडीने वाचतो, नको असेल तर टाकून देतो.

तयार याद्या विकणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत. स्वतः त्या घरात न राहणारे मालक, कर्ज फिटत आलेले मालक, कर थकवलेले मालक, सगळ्या याद्या विकत मिळतात. अडचण अशी की तीच यादी गावातले सगळे खरेदीदार घेतात, आणि एकाच मालकाच्या पेटीत एकाच आठवड्यात तऱ्हेतऱ्हेची पोस्टकार्डं पडतात. म्हणून मी यादी स्वतः करायची ठरवली. कोलंबस ज्या फ्रँकलिन काउंटीत येतं तिच्या ऑडिटरची, म्हणजे घरांच्या नोंदी आणि करासाठीचं मूल्यांकन सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, वेबसाइट सगळ्यांना फुकट खुली आहे. आपल्याकडे ऑनलाइन सातबाऱ्यावर मालकाचं नाव दिसतं, त्याचा राहता पत्ता दिसत नाही. इथे घराचा पत्ता टाकला की मालकाचं नाव, घर शेवटचं कधी आणि कितीला विकलं गेलं, कर भरला की थकला, आणि कराचं बिल कुठल्या पत्त्यावर जातं, हे सगळं एका पानावर येतं. बिलाचा पत्ता घराच्या पत्त्याहून वेगळा असेल तर मालक बहुधा तिथे राहत नाही. आणखी एक खूण फार कमी लोक बघतात. ओहायोत स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला करात छोटी सवलत मिळते, ओनर ऑक्युपन्सी क्रेडिट. त्या रकान्यापुढे आधीच्या वर्षी ‘येस’ आणि यंदा ‘नो’ दिसलं, की त्या घरात काहीतरी बदललंय असं समजायला हरकत नाही. कुणी वारलं असेल, कुणी वृद्धाश्रमात गेलं असेल, किंवा मुलाकडे राहायला गेलं असेल.

पण एकट्या खुणेवर मी कुणालाच लिहिलं नाही. परगावी राहणारे कितीतरी मालक आपल्या भाड्यावर सुखी असतात. दोन-तीन खुणा एकत्र आल्या तरच नाव यादीत जायचं. मालक दुसऱ्या राज्यात, घर वीस-पंचवीस वर्षं त्याच्याकडे, कर थकलेला आणि अंगणातलं गवत गुडघाभर वाढलेलं, असं काही. गवत ऑडिटरच्या वेबसाइटवर दिसत नाही, त्यासाठी फिरावं लागतं. मी नॉर्थ लिंडन हा भाग निवडला, क्लीव्हलँड अव्हेन्यू आणि कार्ल रोडच्या मधल्या गल्ल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली छोटी केप कॉड घरं आहेत तिथे, उतरत्या छपराची, वर एक माळ्यासारखी खोली आणि खाली तळघर. रविवारी सकाळी नवरा गाडी चालवायचा आणि मी टिपून घ्यायची: पन्हळीत उगवलेली रोपटी, छपरावर बांधलेली निळी ताडपत्री, दाराला अडकलेल्या जाहिरातींचा ढीग, थंडीत बर्फावर एकही पाऊल न उमटलेली पायवाट. घरी आल्यावर एकेक पत्ता ऑडिटरच्या पानावर ताडून बघायचा.

दोन प्रकारच्या लोकांबद्दल मी स्वतःला नियम घालून घेतले. पहिला प्रकार वारसांचा. मृतांच्या मालमत्तेचा निवाडा करणाऱ्या प्रोबेट कोर्टाची नोंद सार्वजनिक असते आणि कित्येक खरेदीदार ती रोज चाळतात. आईला जाऊन महिना झालेल्या माणसाला ‘तुमचं घर घेऊ का’ असं विचारणं मला पटत नाही. ओहायोत मृत व्यक्तीकडून ज्यांचे पैसे यायचे आहेत त्यांना दावा सांगायला मृत्यूपासून सहा महिने मिळतात. निदान तेवढा काळ मी लिहायचं नाही असं ठरवलं. दुसरा प्रकार बँकेने जप्तीचा दावा लावलेल्यांचा. दावा दाखल झाला की त्या घरी पत्रांचा पाऊस पडतो, काही तर सरकारी नोटीस वाटावी अशी गुलाबी पाकिटं. त्या गर्दीत मला शिरायचं नव्हतं. मी त्यांना लिहिलंच नाही.

पत्रात काय लिहायचं यावर मी बराच विचार केला. मी कोण, या गावात कुठे राहते, मी एजंट नाही, आणि अमुक रस्त्यावरचं तुमचं घर तुम्ही कधी विकायचा विचार केलात तर मला घ्यायला आवडेल, इतकंच. घर आहे तसं घेईन, रंगरंगोटी किंवा सामान हलवायची गरज नाही, हेही. आणि खाली एक वाक्य, जे वगळ म्हणून मला पुष्कळांनी सांगितलं: ‘एजंटमार्फत विकलंत तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पैसे मिळू शकतील. वेळ आणि दुरुस्तीला पैसा असेल तर तो मार्ग जरूर बघा.’ ते वाक्य मी कधीच काढलं नाही. ज्याने फोन केला त्याने ते वाचून केला, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून बोलणं सरळ व्हायचं. खोट्या मुदती, ‘शेवटची सूचना’ असली भाषा, यांतलं काही नाही.

पोस्टाचं गणितही समजून घ्यावं लागलं. जाहिरातीच्या घाऊक टपालाला दर कमी पडतो, पण त्यात एका वेळी किमान दोनशे पत्रं लागतात आणि पत्ता चुकीचा निघाला तर ते टपाल सहसा परत न येता फेकून दिलं जातं. फर्स्ट क्लासचं तिकीट महाग. २०२२च्या जुलैत ते ६० सेंटचं झालं आणि २०२५च्या जुलैत ७८ सेंटचं. पण त्यात पत्ता बदललेल्याकडे पत्र वर्षभर पुढे पाठवलं जातं आणि पोहोचलं नाही तर पाठवणाऱ्याकडे परत येतं. मला ती परत आलेली पत्रं फार मोलाची वाटतात. पिवळं लेबल लावून पाकीट परत आलं म्हणजे त्या घराच्या मालकाचा ठावठिकाणा बाकीच्या खरेदीदारांनाही बहुधा लागलेला नाही. मग नातेवाईक शोधायचे, कोर्टाच्या नोंदी बघायच्या. ‘फॉरएव्हर’ तिकिटांचे शंभराचे रोल दरवाढीच्या आधी घेऊन ठेवले की पुढे तीच चालतात. एक सूचना नवख्यांसाठी: तिकीट न लावता कुणाच्या टपालपेटीत स्वतः चिठ्ठी टाकू नका. अमेरिकेत ती पेटी पोस्टाच्या टपालापुरतीच असते, आणि हा कायद्याचा भंग आहे.

पहिल्या खेपेला शे-सव्वाशे पत्रं गेली. हाताने लिहिताना बोटं दुखतात, पण पाकिटावरचं अक्षर माणसाचं दिसलं तर ते उघडलं जातं, असा माझा अनुभव आहे. फोन आले ते मोजके. एकाने चांगलंच सुनावलं आणि यादीतून नाव काढायला सांगितलं, ते त्याच दिवशी काढलं. एका बाईंना घर विकायचं नव्हतं, भाडेकरू कसा काढायचा ते विचारायचं होतं. एकाने बाजारभावाच्या दीडपट किंमत सांगितली. त्यानंतर शांतता. बरेच लोक इथेच थांबतात. पण पत्र येतं त्या दिवशी माणूस विकायला तयार असतोच असं नाही. अडचण तिच्या वेळेने येते. म्हणून दर दोन-अडीच महिन्यांनी त्याच लोकांना पुन्हा लिहीत राहिले, दर वेळी मजकूर थोडा बदलून.

ज्या घराची सुरुवातीला गोष्ट सांगितली, त्याचा मालक ॲरिझोनात होता. घर त्याच्या आईचं. ऑडिटरच्या पानावर नाव अजून आईचंच होतं, बिलाचा पत्ता मात्र फिनिक्सचा. त्याने फोन केला तोवर माझी तीन-चार पत्रं त्याला गेली होती आणि ती त्याने ठेवली होती. थंडीत पाइप फुटून तळघरात पाणी शिरलं होतं आणि शेजाऱ्याने त्याला कळवलं होतं. ‘मला आता दर वेळी विमानाने येऊन हे बघणं होत नाही,’ तो म्हणाला. तो भावाबद्दल, आईच्या आजारपणाबद्दल बराच वेळ बोलला. मी मधे पैशाचा विषय काढला नाही.

घर बघायला गेलो तेव्हा तळघराच्या भिंतीवर पाण्याची रेघ गुडघ्याच्या उंचीची होती. घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडलेली, पाइप जुने गॅल्व्हनाइज्ड, आतून गंजून अरुंद झालेले. सांडपाण्याच्या नळीत कॅमेरा घातला तर मातीच्या नळीच्या सांध्यांतून अंगणातल्या मेपलची मुळं आत आलेली दिसली. जुनं घर घेताना कॅमेऱ्याचा हा खर्च कधीच वाचवू नका. घर १९७८च्या आधीचं, म्हणजे रंगात शिसं असण्याची शक्यता, त्यामुळे शिशाच्या रंगाबद्दलचा कागदही सह्यांमध्ये आला. दुरुस्तीनंतर घराची किंमत साधारण एक लाख ऐंशी हजार होईल असं आजूबाजूच्या विक्रीवरून दिसत होतं, दुरुस्तीला पंचेचाळीस हजार. या धंद्यातला ठोकताळा असा की दुरुस्तीनंतरच्या किमतीचे सत्तर टक्के घ्यायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा. तसं केलं तर एक्याऐंशी हजार येतात. घर दुरुस्त करून लगेच विकणाऱ्याला तो हिशोब ठीक असेल. आम्हाला भाड्याने द्यायचं होतं, नफा वर्षानुवर्षं येणार होता. मी हे सगळे आकडे कागदावर लिहून त्याला पाठवले आणि शंभर हजार देऊ केले. तो एकशे दहा म्हणाला, एकशे पाचवर ठरलं.

कागदपत्रांना मात्र वेळ लागला. आईच्या मृत्युपत्राची कोर्टात नोंदच झालेली नव्हती. त्याला प्रोबेट कोर्टाकडून ‘लेटर्स ऑफ ऑथॉरिटी’ मिळेपर्यंत विक्रीची सही करायचा अधिकारच नव्हता. वकिलाचे पैसे आधी कोण भरणार यावर गाडी अडली होती, ते आम्ही टायटल कंपनीमार्फत (घराची मालकी तपासून व्यवहार पार पाडणारी कंपनी) क्लोजिंगच्या, म्हणजे शेवटच्या देवाणघेवाणीच्या, हिशोबात धरले. टायटल शोधताना थकलेला कर आणि वाढलेलं गवत शहराने कापल्याचं बिल निघालं, ते त्याच्या रकमेतून वळतं झालं. ओहायोत मालमत्ता कर मागच्या वर्षाचा यंदा भरतात, त्यामुळे विकणाऱ्याला आपल्या वाट्याचा कर घर विकत घेणाऱ्याकडे द्यावा लागतो. हे त्याला आधीच समजावून सांगितलं होतं म्हणून शेवटच्या दिवशी कुणाचा चेहरा पडला नाही. पैसे मोठी कंपनी देवो की माझ्यासारखी साधी बाई, व्यवहार टायटल कंपनीतूनच व्हावा आणि मालकीत पुढे दोष निघाला तर नुकसान भरून देणारा टायटल इन्शुरन्स घ्यावाच, याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही.

सगळेच फोन असे संपत नाहीत, आणि संपू नयेत. हिलटॉप भागातल्या एका आजींचं घर टापटीप होतं. छप्पर नवं, स्वयंपाकघर स्वच्छ. त्यांना फक्त कराच्या बिलाची धास्ती बसली होती. २०२३मध्ये आमच्या काउंटीत घरांचं फेरमूल्यांकन झालं, किमती सरासरी चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढल्या आणि पुढच्या जानेवारीत बिलं बघून म्हातारी माणसं हवालदिल झाली. आजींचं वय पासष्टच्या पुढे, उत्पन्न मोजकं. मी त्यांना ऑडिटरच्या ऑफिसात होमस्टेड सवलतीचा, म्हणजे वृद्धांना मिळणाऱ्या मालमत्ता करातल्या सवलतीचा, अर्ज करायला सांगितलं, फॉर्मही छापून दिला. त्यांचं घर मला स्वस्तात मिळालं असतं. पण त्यांची गरज घर विकण्याची नव्हतीच, आणि पत्र पाठवणाऱ्याला हा फरक ओळखता आला नाही तर त्याने या कामात पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

खर्चाचं विचाराल तर तिकिटं, कागद, पाकिटं मिळून एक घर पदरात पडेपर्यंत हजार-बाराशे डॉलर गेले. एजंटच्या कमिशनपुढे ते काहीच नाहीत, पण वेळ धरला तर स्वस्त म्हणता येणार नाही. नोकरी सांभाळून करायचं तर एकच भाग धरा, दोन-तीनशे घरांच्या वर जाऊ नका. गल्ल्या तोंडपाठ झाल्या पाहिजेत. कुठल्या घराचा भाव काय, कुठल्या कोपऱ्यावर पाणी साचतं, हे फोन आला की न बघता सांगता यायला हवं.

माझी पुढची खेप जानेवारीच्या शेवटी जाईल. अर्ध्या वर्षाच्या कराची मुदत साधारण तेव्हा असते आणि परगावचे मालक त्याच सुमाराला घराचा हिशोब मांडायला बसतात. त्याआधी यादी पुन्हा ऑडिटरच्या पानाशी ताडायची आहे. विकली गेलेली घरं वगळायची, ‘लिहू नका’ म्हणालेल्यांची नावं वगळायची, आणि शरद ऋतूत फिरताना टिपलेले नवे पत्ते घालायचे.