लिफ्टशिवायचा पहिला डोंगर

शनिवार, फेब्रुवारी. झुरिक, रात्र.

मांड्या भरून आल्यात, पण आज लिहूनच झोपणार. तीन हिवाळे लिफ्टने वर जाऊन स्की करत होते. आज पहिल्यांदा पायांनी चढले. ख्र्युत्स, २१९५ मीटर. क्युब्लिसपर्यंत रेल्वे, तिथून पिवळ्या पोस्टबसने सांक्ट आंट्योनियन. गाव साधारण १४२० मीटरवर, म्हणजे चढ पावणेआठशे मीटरचा. नवख्यांना इथे मुद्दाम आणतात.

निघण्याआधी वाटाड्याताईंनी स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवायला शिकवलं. मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) आणि नायलॉनच्या, पूर्वी सीलच्या कातड्याच्या असत. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा तसं लागतं: एका दिशेने मऊ, उलट फिरवला की अडतो. म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. टाच मोकळी असते. पहिला अर्धा तास मी पाऊल उचलत होते आणि दमत होते. "उचलू नको, ओढ," त्या म्हणाल्या. मग लय सापडली. सह्याद्रीत घाट चढताना बाबा म्हणायचे, बोलता येईल एवढ्याच वेगाने चाल. तेच इथेही.

मला आजवर वाटायचं, सोपी वाट म्हणजे कमी दमवणारी. तसं नाही. बर्फाचे थर सुटून कोसळतात ते बहुतेक तीस अंशांहून तिरप्या उतारांवर. आमची वाट जवळजवळ सगळी त्याहून सौम्य, म्हणून ती सोपी. तरी दाव्होसच्या बर्फ-संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक काल संध्याकाळी पाचला येताच आम्ही वाचलं होतं. धोक्याची पाचातली दुसरी पातळी. आणि सकाळी एकेकीला समोरून चालवत ताईंनी प्रत्येकीच्या छातीवरचं शोधयंत्र तपासलं, बर्फात गाडलेल्याचा ठाव लावणारं. फावडं आणि बर्फात खुपसायची लांब सळई सगळ्यांच्या पाठीवर. गाडलेल्या माणसाकडे मोजकी मिनिटं असतात, ती मदत सोबतच्यांनीच करायची असते. हे ऐकल्यावर मी पुढे चालणाऱ्या अनोळखी मुलीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं.

गावातली जुनी घरंही हेच सांगतात. डोंगराकडच्या भिंतीला लागून दगडमातीचा भराव, नाहीतर पाचरीसारखा बांध. बर्फ आला तर घरावरून किंवा दोन्ही बाजूंनी निघून जावा. समोरच्या ख्युएनिहॉर्न डोंगरावर बर्फ अडवणाऱ्या अडथळ्यांच्या रांगाच रांगा, १९५१ च्या भयंकर हिवाळ्यानंतर उभारलेल्या.

माथ्यावर रेटिकॉनची पांढरी कड्यांची रांग, मधोमध सुल्सफ्लू शिखर. मी आणलेल्या तिळाच्या वड्या सगळ्यांनी खाल्ल्या. पट्ट्या काढल्या, टाचा अडकवल्या. सावलीतला बर्फ अजून भुसभुशीत होता, गुडघे वाकवले की बुडत होता आणि वरही उचलून देत होता. तीन तासांचा चढ, अर्ध्या तासात खाली. तीनदा थांबून मागे पाहिलं. आमच्याच रेषा.

पट्ट्या न्हाणीघरात दोरीवर वाळत घातल्यात. हीटरपासून लांब, नाहीतर गोंद खराब होतो म्हणे.