आमची वाटचाल आणि वाटेत सोडून गेलेले

१९९८ साली नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, टाकला, तेव्हा कामगार मीच, मालक मीच आणि चहा आणणाराही मीच. मी सातपूरच्या आयटीआयचा टर्नर, लेथचं काम शिकलेला. आज दोन शेडमध्ये सहा सीएनसी, दोन व्हीएमसी (ही संगणकावर चालणारी कातकामाची मशीनं) आणि २६ माणसं आहेत. गाड्यांचे बुश, पिना, फ्लँज, असलं जॉबवर्क. कोणतं मशीन कधी घेतलं, कर्ज कसं फेडलं, ते कधीतरी वेगळं सांगेन. आज गेलेल्या माणसांबद्दल लिहितो.

२०१६ मध्ये आमचा सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा, सोडून गेला. नऊ वर्षं होता. ड्रॉइंग हातात दिलं की तासाभरात पहिला पीस ओके. मी धरून चाललो की शेजारच्यानं दोन-तीन हजार जास्त कबूल केले असणार. हिशेब देताना विचारलंच. म्हणाला, "शेठ, पगार तिकडंही एवढाच आहे. पण नऊ वर्षांत संध्याकाळी किती वाजता येतो, हे घरी एकदाही खात्रीनं सांगता आलं नाही."

खोटं नव्हतं. कस्टमरचा फोन पाचला यायचा आणि साडेपाचला मी शेडमध्ये जाऊन "आज थांबा रे" म्हणायचो. ओव्हरटाइमचा दर कायद्यानं दुप्पट, तो मी देत होतो. त्यामुळे आपलं काही चुकतंय हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग गेटजवळ सूचनापेटी लावली. महिनाभरात एकच चिठ्ठी निघाली, तिच्यावर एकच शब्द: 'पंखा'. पंखा लावला. पुढच्या महिन्यात तेवढीही नाही. शेवटी आमच्या मंडळी, म्हणजे कारखान्याचा हिशेब बघणाऱ्या, सकाळच्या चहाला पोरांत बसायला लागल्या. शेठला जे सांगायचं नाही ते वहिनींना सांगतात, हे मला तेव्हा कळलं.

पहिली तक्रार पगाराच्या तारखेची. कायदा म्हणतो ७ तारखेच्या आत; आमच्याकडे १२, कधी १४ व्हायची. माझं रडगाणं तयार होतं: कस्टमर ९० दिवसांनी पैसे देतो. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचा नियम आहे, पण काम देणाऱ्याच्या अंगावर नियमाचा कागद कोण टाकणार? यावर एकानं वहिनींना विचारलं, "आमचा घरमालक शेठच्या कस्टमरला ओळखतो का?" तेव्हापासून पगार ७ ला, गरज पडली तर सीसी खात्यातून, म्हणजे बँकेच्या उचलीतून. व्याज माझ्या डोक्यावर.

दुसरी कूलंटची, म्हणजे धातू कापताना गार ठेवायला सोडतात त्या पाणी-तेलाची. ही मला लागली, कारण मी स्वतः मशीनवर उभा राहिलेला माणूस. साप्ताहिक सुट्टीनंतर मशीन चालू केलं की टाकीतून सडक्या अंड्यांसारखा वास यायचा. ऑपरेटरच्या बोटांच्या बेचक्यांत खाज, कातडी सोललेली. आम्ही काय करायचो, तर वरून थोडं नवीन ओतून दिवस ढकलायचो. आता वर तरंगणारं तेल रोज काढतात, रिफ्रॅक्टोमीटरनं पाण्यात कूलंट किती आहे ते बघतात आणि टाकी ठरल्या दिवशी रिकामी होते. टूलचं आयुष्य वाढलं तो भाग वेगळा.

रिजेक्शन झालं की मी हेल्परसमोरच ऑपरेटरला झापायचो, हेही निघालं. आता केबिनमध्ये बोलावतो. तोंड अजून सुटतं कधीकधी.

आवडतं काय, याची उत्तरं मात्र अनपेक्षित. ज्या कॅन्टीनवर मी खर्च केला त्याचं नाव कुणी काढलं नाही. नाव निघालं सुट्टीचं. पेठ, त्र्यंबककडची पोरं पावसाळ्यात भाताच्या आवणीला जातात, दिंडोरीची ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटणीला. मी कधी अडवलं नाही. यात मोठेपणा काही नाही. अडवलं असतं तरी गेलीच असती. पण दुसरीकडे आवणीहून परत आल्यावर जागा भरलेली असते, इथं मशीन वाट बघत असतं. आणि दुसरं, इथं हेल्परला ऑफसेट टाकायला, म्हणजे मशीनवर मापाची दुरुस्ती करायला, शिकवतात. मोठ्या कंपनीत कॅन्टीन झकास, पण कंत्राटावरच्या पोराला कंट्रोल पॅनेलला हात लावू देत नाहीत, असं तिकडून आलेला एकजण म्हणाला.

माणसं २० झाली तेव्हा पीएफ सुरू केला. १२ टक्के कापले म्हणून दोघं भांडून गेले. २०२० च्या टाळेबंदीत त्याच खात्यातून तीन महिन्यांच्या बेसिक-डीएइतकी किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातली कमी असेल ती रक्कम काढता आली, तेव्हापासून कापाकापीची कुरकुर थांबली. त्या एप्रिलचा पगार मी अर्धाच दिला होता. उरलेला दिवाळीत दिला, पण आठवण अर्ध्याचीच राहिली आहे. राहणारच.

एक तक्रार तशीच पडून आहे. सेकंड शिफ्ट माझा भाचा बघतो. त्याच्याहून जाणते दोघं त्याच्या हाताखाली आहेत, हे मलाही दिसतं. ताईला काय सांगायचं, ते ठरत नाही.

सेटरच्या त्या वाक्यानंतर पंचिंग मशीनजवळ एक फळा लावला आहे. आज कोण थांबणार, किती वाजेपर्यंत, हे सकाळी अकराच्या आत लिहायचं. गेल्या आठवड्यात एका दिवशी कस्टमरच्या गडबडीत चारपर्यंत फळा कोराच राहिला. चहाला बाहेर आलो तर कुणीतरी खडूनं त्यावर मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. त्या दिवशी सगळ्यांना वेळेवर घरी सोडलं आणि माल दुसऱ्या दिवशी गेला.