डॅशबोर्डच्या आतलं प्लॅस्टिक कापायला काय वापरावं: माझा अनुभव

कारमधला मूळचा छोटा स्टिरिओ काढून नऊ इंची स्क्रीन बसवायला घेतली. वायरिंग सरळ जुळलं, पण स्क्रीन काही फ्रेममध्ये पूर्ण बसेना. मागचा धातूचा डबा आत कुठेतरी अडत होता. नेमकं कुठे, ते कळावं म्हणून डब्याच्या कोपऱ्यांना खडू घासला आणि आत ढकलून बाहेर काढला. आतल्या एका आडव्या पट्टीवर पांढरी खूण उमटली. त्या पट्टीत ना स्क्रू होता, ना तिच्यावर काही टेकलेलं, म्हणजे कापायला हरकत नव्हती. स्क्रूचा खांब किंवा लोखंडी ब्रॅकेट धरून ठेवणारा भाग असता, तर मी हात लावला नसता, दुसरी फ्रेम शोधली असती.

आता कापायचं कशाने? सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव रोटरी टूलचं, म्हणजे छोटी डिस्क वेगाने फिरवणाऱ्या हातातल्या यंत्राचं. माझ्याकडे ते आहे, पण या कामात ते माझं आवडतं नाही. तीस हजार आरपीएमवर डिस्क प्लॅस्टिक कापण्याऐवजी वितळवते, आणि वितळलेला माल डिस्कच्या मागे पुन्हा चिकटतो. टाकाऊ तुकड्यावर वेग दहा हजारांच्या आसपास आणला आणि थांबत थांबत कापलं, तेव्हा काप बरा आला. तरी डॅशबोर्डच्या खोबणीत ते जाडजूड यंत्र तिरकंच धरावं लागतं, आणि भुगा थेट एअर व्हेंटमध्ये.

हत्यार ठरवण्याआधी सुट्या झालेल्या भागांच्या पाठी पाहिल्या. तिथे बारीक अक्षरांत प्लॅस्टिकचा प्रकार छापलेला असतो. बाहेरच्या फ्रेमवर 'एबीएस' होतं, आतल्या सांगाड्यावर 'पीपी-टी२०', म्हणजे वीस टक्के टाल्क (खनिजाची भुकटी) घातलेलं पॉलिप्रॉपिलीन, थोडक्यात पीपी. दोघांची जात वेगळी. पातळ एबीएसवर मोजपट्टी धरून कटरने खोल रेघ पाडली की ते रेघेवर कडकन तुटतं. पीपीवर तोच प्रयोग केला तर ते वाकतं, पांढरं पडतं आणि तुटायचं नाव घेत नाही. त्याला धारेने किंवा दातांनीच कापावं लागतं.

ऑसिलेटिंग मल्टीटूल पीपीसाठी उत्तम. पातं गोल फिरत नाही, जेमतेम दोन-तीन अंश इकडून तिकडे थरथरतं, त्यामुळे झटका देऊन हातातून निसटत नाही. पात्यावर मास्किंग टेपची पट्टी चिकटवून खोलीची खूण करायची, म्हणजे मागच्या वायरींपर्यंत ते पोचत नाही. पट्टीच्या मधोमध खिडकी पाडायची असती, तर मी हेच घेतलं असतं.

पण माझ्या पट्टीचं एक टोक मोकळं होतं. हॅक्सॉचं नुसतं पातं काढलं, एका टोकाला कापड गुंडाळलं आणि दात माझ्याकडे येतील असं धरलं, म्हणजे ओढताना कापलं जातं आणि पातं वाकत नाही. इंचाला २४ दात. मागे जाड पुठ्ठा सरकवला, वायरिंगचा जुडगा बाजूला बांधला, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधीच काढून ठेवली होती. पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात प्रथम ड्रिलने भोक पाडलं आणि काप तिथेच संपवला. टोकदार कोपरा ठेवला की गाडीच्या हादऱ्यांनी चीर तिथूनच धावते. पातं प्लॅस्टिकमधून कुरकुरत जातं, भुगा दाणेदार पडतो. तो चिकट, तारेसारखा निघू लागला तर समजायचं, वेग जास्त झालाय. खाली व्हॅक्युमची नळी लावून ठेवली होती.

कडा कानशीने साफ केल्या. जिथे दोन मिलिमीटर जास्त उरलं, तिथे निपरने, म्हणजे कापायच्या छोट्या पक्कडीने, कुरतडलं. छोट्या दुरुस्तीला निपरसारखं काही नाही, आणि ते कोणी सुचवत नाही याचं मला नवल वाटतं. डबा आणि प्लॅस्टिक यांच्यात तीनेक मिलिमीटर फट मुद्दाम सोडली आणि वर फेल्टची टेप लावली, नाहीतर खडबडीत रस्त्यावर टकटक ऐकावी लागते.

मागच्या कॅमेऱ्यासाठी नंबर प्लेटवरच्या पट्टीला भोक पाडायचं होतं. तिथे स्टेप बिट वापरलं. साधं ड्रिल बिट पातळ प्लॅस्टिकला पकडून हिसका देतं, स्टेप बिट पायरीपायरीने भोक मोठं करत जातं. दिसणारी बाजू टेपने झाकली आणि मागे लाकडाचा तुकडा धरला. काम सकाळच्या थंडीत होतं, म्हणून आधी हेअर ड्रायरने पट्टी कोमट केली. गार प्लॅस्टिक ठिसूळ असतं.