पन्हा, घेर आणि एक चुकलेला हिशोब

इंग्लंडात लेस्टरमधल्या आमच्या घराची बैठकीची खोली सहा वर्षं करडी होती. करड्या भिंती, करडा सोफा, करडा गालिचा. घर घेतलं तेव्हा सगळ्यांचीच घरं तशी होती. मग एका रविवारी केल्मार्श हॉल बघायला गेलो आणि माझं डोकं फिरलं.

नॉर्थहॅम्प्टनशरमधली ही लाल विटांची हवेली १७३२ ची, वास्तुविशारद जेम्स गिब्जच्या आराखड्यावरून बांधलेली. मला वेड लावलं ते मात्र नॅन्सी लँकेस्टरने. मूळची व्हर्जिनियाची ही बाई १९२० च्या दशकाच्या शेवटी इथे भाड्याने राहायला आली आणि तिने घर आतून सजवलं. पुढे चाळीसच्या दशकात तिने सिबिल कोलफॅक्सचा सजावटीचा व्यवसाय घेतला आणि सजावटकार जॉन फाउलरबरोबर चालवला. आज जिला खास इंग्लिश हवेलीची शैली म्हणतात, ती घडवण्यात या अमेरिकन बाईचा एवढा वाटा! गुलाबी भिंतींचं ते मोठं दालन बघताना जाणवलं, की इथे एकही वस्तू दुसरीशी ‘मॅचिंग’ नाही, आणि तरी कुठे काही खटकत नाही.

हीच शैली आता पुन्हा जोरात आहे. १९९६ मध्ये आयकियाने इथल्या टीव्हीवर ‘चिंट्झ फेकून द्या’ अशी जाहिरात केली होती. आता तेच फुलाफुलांचं चकाकतं कापड लोक मीटरला भरमसाट पैसे देऊन घेतात. चिंट्झ म्हणजे आपलं चीट हो. कोरोमंडल किनाऱ्यावरचं रंगीत सुती कापड इथे इतकं खपायला लागलं, की लोकर आणि रेशीमवाल्यांच्या ओरड्यापुढे १७२१ मध्ये कायदा करून छापील सुती कापड अंगावर घालायला आणि घरात वापरायलाही बंदी घातली. ती उठली १७७४ मध्ये.

मी ठरवलं, एकच खोली करायची आणि पडदे स्वतः शिवायचे. सहा महिन्यांसाठी आई आली होती, तिने आयुष्यभर घरात मशीन चालवलंय, त्यामुळे मला फार धीर होता.

आधी कपाट. जुन्या महोगनी लाकडाच्या फर्निचरला सध्या कुणी विचारत नाही, त्यामुळे लिलावात मला खणांचं कपाट ६० पौंडांत मिळालं. खण ओढून कोपरे बघितले, हाताने केलेले सांधे होते. ६० वर २५ टक्के लिलाववाल्याचं कमिशन, कमिशनवर २० टक्के व्हॅट, म्हणजे ७८. व्हॅनचं भाडं त्याहून जास्त पडलं.

आता पडदे. दांडा १८० सेंमी. या शैलीत पडदा भरगच्च हवा, म्हणजे घेर निदान सव्वादोनपट, साधारण ४०५ सेंमी. कापडाचा पन्हा १३७, म्हणजे तीन पन्हे. उंची, वरची दुमड आणि खालची पट्टी धरून एकेक तुकडा २७० सेंमीचा. तीन गुणिले २७०, झाले ८१०. वर थोडं जास्तीचं म्हणून मी ८ मीटर २० मागवलं.

कापड टेबलावर पसरलं. आईने बघितलं आणि विचारलं, “फुलं कशी जुळवणार गं?”

नक्षी दर ६४ सेंमीला पुन्हा येत होती. चौकटीच्या शर्टाचा खिसा जुळवतात तसं इथेही जुळवावं लागतं. म्हणजे २७० चा तुकडा पाच नक्ष्यांचा, ३२० चा कापावा लागतो. हवं होतं ९ मीटर ६०. दोन तुकडे निघाले आणि १ मीटर ८० चा, कशालाच न पुरणारा तुकडा हातात राहिला. ही चूक माझीच, दुकानवाल्याच्या कागदावर रिपीटचा आकडा ठळक छापलेला होता.

आणखी मागवलं तर ते दुसऱ्या बॅचचं आलं. गुलाबाची लाली किंचित जास्त. मी रडायच्या बेतात. या शैलीत नवं कापड जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवतात, हे वाचलेलं होतं. कातरणाचा एक चतकोर कडक अर्कात बुडवला. लाली उतरली खरी, पण वाळल्यावर चकाकी गेलेली आणि कापड फडक्यासारखं. बरं झालं, कातरणच होतं.

वाट सापडली ती शिवणीतच. तीन पन्ह्यांचे दोन पडदे करताना तिसरा पन्हा उभा चिरून अर्धा अर्धा दोन्हीकडे लावतात, आणि तोही भिंतीकडच्या बाजूला. नव्या बॅचचा पन्हा तिथे गेला. चुण्यांच्या आत, कोपऱ्याच्या सावलीत.

पुढचे तीन आठवडे हातशिलाईत गेले. कापड आणि अस्तर यांच्या मध्ये जाड, मऊ सुती थर घालतात, इथले शिवणारे त्याला ‘बम्प’ म्हणतात. तो ढिल्या टाक्यांनी धरायचा, ताणून नाही, नाहीतर पडदा आक्रसतो. आई म्हणाली, “ही तर गोधडीच की.” खालच्या कोपऱ्यांत वजनं शिवली. टांगताना एक पडदा उचलायला दोघं लागलो.

भिंती फिकट पिवळ्या केल्या. सोफा करडाच आहे, त्याला नवं कव्हर करायला पैसे उरले नाहीत. गंमत म्हणजे त्या फुलांशेजारी तो आता वाईट दिसत नाही.

उरलेला १ मीटर ८० चा तुकडा आईला गोधडीच्या पाठीला हवा होता. मी दिला नाही. पाचसहा वर्षांनी खिडकीकडची कड उन्हाने विरली, की ठिगळाला तोच लागणार. ती दोन दिवस फुगून बसली होती.